नवरीला कोणता रंग खुलेल? ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या टेबलावरून

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या खोलीत नवरीचा ब्लाउज शिवायला आला की सोबत साडी येते, साडीसोबत नवरी, आणि नवरीसोबत तिची आई, मावशी, कधी कधी होणारी नणंदही. टेप हातात घ्यायच्या आधीच आई विचारते, "ताई, माह्या पोरीले हा रंग शोभते ना?" साडी घेऊन झालेली, फॉल-पिको करून झालेलं, आणि प्रश्न आता! त्यामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो, तो मावशी हळूच विचारते : "गोरी दिसन ना थोडी?"

तर पहिल्यांदा तेच मिटवते. कोणतीही साडी कोणालाही गोरी करत नाही. रंग फार तर डोळ्यांखालचा काळेपणा आणि ओठांच्या कडेचा सावळा पट्टा उठवतो किंवा दाबतो, चेहरा थकलेला दाखवतो किंवा झोप पूर्ण झाल्यासारखा. नवरी सभागृहाच्या दारातून आत आली की लोकांना आधी तिचा चेहरा दिसला पाहिजे, साडी मागून. "काय साडी आहे!" असं पहिलं कोणी बोललं तर रंग चुकला असं मी समजते. पुढचं सगळं याच कसोटीवर.

आधी आपला रंग ओळखा, तोही गळ्यापाशी

नागपूरच्या पोरींचा रंग पाहायचा म्हणजे एक अडचण असते. वर्षभर गाडीवर फिरताना दुपट्टा असा गुंडाळलेला की डोळे तेवढे उघडे. त्यामुळे डोळ्यांभोवतीची पट्टी एका रंगाची, गाल दुसऱ्या, कोपरापासून बोटांपर्यंतचे हात तिसऱ्या. यातला 'माझा रंग' कोणता? जबड्याच्या कडेपासून गळ्याच्या खळगीपर्यंतचा पट्टा धरा. ब्लाउजचा गळा त्याच्याच शेजारी येतो. हात फार रापले असतील तर कोपरापर्यंत बाही घ्या, हातांच्या रंगावरून साडी ठरवू नका.

रंगात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे तो किती गडद आहे : गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा. दुसरी म्हणजे त्याची झाक, पार्लरवाल्या जिला अंडरटोन म्हणतात. पिवळसर झाक उबदार, गुलाबी किंवा निळसर झाक थंड, आणि आपल्याकडे पुष्कळ दिसणारी तिसरी, हिरवट झाक. दोन मुली सारख्याच सावळ्या असतात, पण एकीला केशरी खुलतो आणि दुसरीला राणी, तो फरक या झाकेचा. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, ही मोबाईलवर सांगतात ती परीक्षा सोडून द्या. सावळ्या त्वचेत शिरांचा रंग धड कळतच नाही. कातडी, केस, डोळे पाहून माणसाला चारपैकी एका ऋतूत बसवणारे विदेशी तक्तेही तसेच. आपले केस काळे, डोळे काळे, त्यामुळे अर्धी नागपूर नगरी एकाच ऋतूत जाऊन बसते.

त्यापेक्षा घरी हे करा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, थेट ऊन येत नसेल अशा खिडकीशी बसा. चेहरा साध्या पाण्याने धुतलेला, मेकअप नाही, केस पांढऱ्या टॉवेलमध्ये बांधलेले, कारण केसांना लावलेल्या मेंदीची लाली चेहऱ्यावर उतरते. भिंत गुलाबी किंवा हिरवी असेल तर तिच्यापासून दूर. हळद किंवा उटणं लावल्याला दोन-तीन दिवस होऊन गेलेले असावेत.

आता दोन कापडं घ्या : एक नीळ दिलेलं पांढरंशुभ्र, आणि एक कोरं मांजरपाट, म्हणजे साधं जाडंभरडं सुती कापड. मांजरपाट न धुतलेलं हवं, त्याची सायीसारखी पिवळसर छटा आपल्याला कामाची आहे. हनुवटीखाली आधी एक धरा, मग दुसरं. स्वतः पाहू नका, समोर कोणाला तरी बसवा आणि कापड बदलताना तिला डोळे मिटायला सांगा. डोळे उघडल्यावरची पहिली नजर खरी. विचारायचं एवढंच की कशात चेहरा राखट आणि दमलेला दिसला. शुभ्र पांढऱ्यात दमलेला दिसला तर झाक उबदार. मांजरपाटात पिवळट, आजारी दिसला तर थंड. दोन्हींत बरा दिसला तर तुमचं नशीब थोर, तुम्हाला बरंच काही चालेल.

मग आईचं कपाट उघडा. राणी आणि केशरी या दोन रंगांच्या साड्या बहुतेक घरांत सापडतात. त्या आळीपाळीने खांद्यावर टाका. मांजरपाटाने दिलेल्या उत्तराची ही फेरतपासणी. राणीत डोळे चमकले तर थंड, केशरीत चमकले तर उबदार. दोन्हींत ठीक, पण मोहरी किंवा पिस्ता रंग धरला की चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसला, तर झाक हिरवट.

शेजारचा रंग आणि उडालेला रंग

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

पॅरिसला गोबेलँ नावाचा, भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणणारा जुना कारखाना आहे. तिथे रंगाई विभागावर मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. काळा धागा फिका येतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगाईत खोट नव्हती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मरत होता. १८३९ साली त्याने हे सगळं छापलं : कोणताही रंग शेजारच्या रंगावर आपल्या उलट रंगाची छाया टाकतो. म्हणजे हिरव्याशेजारी त्वचा थोडी लालसर, गुलाबी वाटते. हिरव्या चुड्यात नवरीचे हात उजळ दिसतात ते यामुळेच.

पण मग पोपटी साटीनचा ब्लाउज घातलेल्या मुलीची हनुवटी हिरवी का दिसते? कारण तिथे दुसरीच गोष्ट घडते. चकचकीत कापडावर पडलेला उजेड रंग घेऊन उसळतो आणि खालून चेहऱ्यावर येतो. फोटोग्राफरच्या दिव्यात तर फारच. एकाच हिरव्याचे हे दोन उलटे परिणाम. कापड मंद पोताचं असेल आणि चेहऱ्यापासून वीतभर लांब असेल तर शेजाराचा परिणाम जिंकतो. चमकदार असेल आणि थेट गळ्याशी असेल तर उसळलेला रंग.

यातून माझ्या कामाचा सगळ्यात मोठा नियम निघतो : चेहऱ्याचा रंग ब्लाउज ठरवतो, साडी नंतर. साडीच्या निऱ्या पायांशी असतात, पदर खांद्यावरून मागे जातो, चेहऱ्याखाली उरतो तो ब्लाउजचा गळा आणि पदराची चार बोटं. लेहंगा असेल तर हीच जागा डोक्यावरून घेतलेल्या दुपट्ट्याची, घागऱ्याची नव्हे. म्हणून घागऱ्याचा रंग आवडीने घ्या आणि दुपट्ट्याचा रंग पारखून घ्या.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी लिंबू रंगाची सुंदर साडी घेऊन आली. आजीची इच्छा होती, बदलायचा प्रश्नच नव्हता. मुलीची झाक हिरवट. साडी खांद्यावर टाकली तर ओठांभोवती राखेसारखी सावली उठली. ब्लाउज पीस बाजूला ठेवला, काठात जो डाळिंबी रंग बारीक रेघेत होता त्याच रंगाचं कच्चं रेशीम आणलं, गळा जरा वर घेतला आणि पदराचा काठ गळ्याशी येईल अशी पिन मारली. लिंबू आणि चेहरा यांच्यामध्ये डाळिंबीची चार बोटं आली. आजी म्हणाली, "साडी बदलली काऊन?" साडी तीच होती.

आता रंग

लाल सगळ्यांना हवा असतो, म्हणून तोच आधी. दुकानात "लाल दाखवा" म्हणू नका, कोणता ते सांगा. कुंकवी आणि शेंदरी लालात पिवळा असतो, तो उबदार झाकेचा. किरमिजी आणि वाइन यांच्यात निळा असतो, तो थंड झाकेचा. डाळिंबी या दोहोंच्या मध्ये बसतो आणि फारसा कोणाला दगा देत नाही. ठरवताच येत नसेल तर डाळिंबी घ्या, हे मी डोळे मिटून सांगते.

गोऱ्या आणि गुलाबी झाकेच्या मुलींनी राणी, जांभळा, बॉटल ग्रीन, गर्द निळा घ्यावा. त्यांची अडचण वेगळीच असते : मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, होमाचा धूर, मुंडावळ्या, आणि चेहरा लालबुंद. त्यावर फिका गुलाबी नेसला की लाली दुप्पट दिसते. गोऱ्या पण पिवळसर झाकेला अबोली, केशरी, मोरपंखी छान. फक्त मलईसारख्या फिक्या रंगात चेहरा आणि कापड एक होऊन जातं, तिथे काठ तरी गडद हवा.

गव्हाळ रंगाला सगळं चालतं असं दुकानदार सांगतात. बरंच चालतं हे खरं. चालत नाही ते स्वतःच्याच रंगाचं कापड : चिकू, बिस्किटी, रोझ गोल्ड, 'न्यूड' नावाने खपवतात ते सगळं. लांबून फोटोत कपडे आणि कातडी वेगळी कळत नाही. विदर्भाच्या टसरबद्दलही इथेच सांगते, कारण तिच्यावर माझा जीव आहे. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढणाऱ्या किड्याचं हे रेशीम मुळातच मधाच्या रंगाचं असतं, म्हणजे थेट गव्हाळ कातडीच्या रंगाचं. म्हणूनच करवती साडीत करवतीच्या दातांसारखा लाल किंवा गडद काठ येतो तेव्हा ती खुलते. गव्हाळ मुलीने बिनरंगवलेली टसर जरूर नेसावी, पण ब्लाउज काठाच्या रंगाचा शिवावा, अंगाच्या रंगाचा नाही.

हिरवट झाकेला मोहरी, पिस्ता, मेंदी हे रंग गळ्याशी नकोत. आमसुली, वांगी, गाजरी, मोरपंखी, डाळिंबी यांच्यात तोच चेहरा एकदम निवळतो. हा बदल मी इतक्यांदा पाहिलाय, तरी दर वेळी गंमत वाटते.

सावळ्या मुलींवर मात्र दुकानात अन्याय होतो. मुलगी गादीसमोर बसली की नोकर आपोआप मरून आणि चॉकलेटी थान उघडतो. "डार्कला डार्क चालते, ताई." कोणी सांगितलं? मंद मरून आणि तपकिरी उजेड गिळून टाकतात आणि सावळा चेहरा त्यात बुडतो. सावळ्या रंगाला स्वच्छ, भरलेले रंग हवेत : हळदी पिवळा, राणी, केशरी, मोरपंखी, गर्द जांभळा. हळदी पिवळा तर सावळ्या मुलीवर जसा उठतो तसा गोरीवर कधी उठत नाही. फिके रंगही चालतात, पण त्यांत राखाडी मिसळलेला नको. मोतिया चालेल, फिकी अबोली चालेल. धुळकट गुलाबी आणि धुळकट निळा चेहऱ्यावर खडू फासल्यासारखे वाटतात. झाक निळसर असेल तर रुपेरी जर घ्या, नक्की घ्या. सोनेरीच्या हट्टापायी सावळ्या मुलींची रुपेरी जर राहूनच जाते.

जरीचा रंगही पाहायचा असतो. पिवळीजर्द जर आणि जुन्या सोन्यासारखी तांबूस जर यांत जमीन-अस्मानाचा फरक. थंड झाकेला पिवळीजर्द जर टोचते. दागिने आधीच ठरलेले असतील, इतवारीच्या सराफ्यातून तुशी आणि पाटल्या आल्या असतील, तर साडी पाहायला जाताना त्यातला एखादा पर्समध्ये न्या आणि काठावर ठेवून पाहा. मोत्यांचे दागिने असतील तर ब्लाउज गडद हवा, मोतिया ब्लाउजवर तन्मणी दिसतच नाही.

विधीप्रमाणे

हळदीला पिवळंच नेसायचं असा नियम कोणी केला कोण जाणे. हळदीने माखलेला चेहरा आणि पिवळी साडी, फोटोत दात तेवढे वेगळे दिसतात. जुनी सुती साडी राणी किंवा हिरव्या रंगाची असू द्या. डाग पडला तर साबण लावायची घाई नको, साबणाने हळद लाल होते.

लग्नविधीची पिवळी अष्टपुत्री किंवा मामाकडची साडी बहुधा आपल्या हातात नसते. तिथे वर सांगितलेला ब्लाउजचा उपाय आहेच, शिवाय शेला आहे. लाल-हिरवा शेला गळ्याशी कसा घ्यायचा ते नेसवणारीला आधीच दाखवून ठेवा. हळदीचा पिवळेपणा दुसऱ्या दिवशीपर्यंत कातडीत राहतो, हेही लक्षात असू द्या.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरी पांढरं नेसते, आणि आपल्या नागपुरात अशी लग्नं भरपूर. "पांढऱ्यात काय निवडायचं?" असं म्हणणाऱ्यांना मी सहा पांढरे तुकडे काढून दाखवते. निळसर शुभ्र, दुधी, मोतिया, सायीचा, हस्तिदंती, मांजरपाटी. घरच्या परीक्षेत जे उत्तर आलं ते इथे सरळ वापरता येतं. थंड झाकेला शुभ्र, उबदार झाकेला सायीचा किंवा हस्तिदंती, हिरवट झाकेला मोतिया. अस्तर मात्र कातडीच्या रंगाचं लावा. पांढऱ्याखाली पांढरं अस्तर उन्हात आरपार दिसतं, हे नवख्या शिंप्यांना पटत नाही.

रिसेप्शन रात्री आणि लॉनवर असेल तर आधी विचारा की स्टेजवर कोणत्या रंगाचे दिवे लागणार. जांभळ्या-गुलाबी एलईडीत हिरवी साडी चिखलाच्या रंगाची होते. डेकोरेशनवाला ऐकत नसेल तर साडी बदला, कारण तो दिवे बदलणार नाही.

दुकानात

आता माझी स्वतःची फजिती. माझ्या लग्नाचा शालू मी पिवळ्या बल्बांच्या झगमगाटात पसंत केला. तिथे तो मधाळ, कोवळा पिस्ता दिसत होता. मांडवात पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तो चुन्यासारखा झाला आणि मी त्यात तापातून उठल्यासारखी. अल्बम पाहुण्यांना दाखवत नाही. शालू तोच होता, उजेड वेगळा. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात : पिवळा दिवा २७०० ते ३००० केल्व्हिनचा असतो, पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास. पिवळा दिवा लाल-केशरी फुलवतो आणि निळे-जांभळे मारतो, पांढरी ट्यूब बरोबर उलटं करते.

म्हणून दिवस असताना जा. गांधीबागेत जा, इतवारीत जा, बर्डीला किंवा धरमपेठेत जा, पण पसंत पडलेल्या दोन-तीन साड्या दुकानाच्या दारापर्यंत न्यायची परवानगी मागा. चांगला दुकानदार स्वतःच माणूस सोबत देतो. जो कां-कू करतो तिथे लाखाची पैठणी असली तरी उठा. तीनपेक्षा जास्त साड्या एका दमात अंगावर लावू नका, डोळा थकतो. मध्ये पाच मिनिटं बाहेर रस्त्याकडे पाहत उभ्या राहा. सोबत दोनच माणसं, त्यातलं एक तोंडावर खरं बोलणारं.

धूपछाव कापड असेल, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, तर ते सपाट पसरून पाहू नका. खांद्यावर टाका, हलवा. मोरपंखी-राणी धूपछावात गळ्याशी नेमका कोणता रंग वर येतो ते घडीवर ठरतं, आणि नेसवणारीला सांगून तो बदलता येतो.

फोटो काढताना मोबाईलचं ब्यूटी मोड बंद करा आणि चौकटीत कुठेतरी पांढरा कागद येऊ द्या. फोटोत कागद पिवळा दिसला तर साडीचा रंगही खोटा आहे असं समजा. ब्लाउजचं कापड जुळवायला जाल तेव्हाही तेच : दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात फुटतात, कारण दोन्ही कापडांचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतात. माझ्याकडे येणाऱ्या 'मॅचिंग' ब्लाउजांत हा घोटाळा नेहमीचा. जुळत नसेल तर जुळवू नका, सरळ काठाचा किंवा विरुद्ध रंग घ्या.

घामाचंही बघा. उन्हाळ्यातल्या लग्नाला मध्यम छटेचा साधा रेशमी ब्लाउज, विशेषतः आकाशी, राखाडी किंवा गुलाबी, काखेत ओला दिसतो. अगदी गडद, अगदी फिका किंवा बुट्टीदार घ्या.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी ब्लाउज, साडी, नथ, चुडा आणि लिपस्टिक, सगळं घालून लग्नाच्या वेळेलाच, तशाच दिव्यात एकदा बसा. पार्लरवालीलाही बोलवा आणि फाउंडेशन गळ्याच्या रंगाचं लावायला सांगा. दोन छटा उजळ फाउंडेशन लावलं की वर केलेली सगळी मेहनत वाया, कारण चेहरा एका मुलीचा आणि गळा दुसरीचा दिसतो. पंधरा दिवसांत ब्लाउज नवा शिवून होतो. दोन दिवसांत मी शिवत नाही, कोणी कितीही हात जोडले तरी.

आणि साडी चुकलीच असेल तर आधी ब्लाउज बदला, मग शेला किंवा दुपट्टा. तेवढ्याने भागलं नाही आणि रेशीम अस्सल असेल तर रंगाऱ्याकडे न्या. फिक्यावर गडद चढतो, गडदावर फिका चढत नाही. जर कशी राहील ते मात्र आधी पदराच्या आतल्या टोकावर करून पाहायला सांगा. माझा पिस्ता शालू असाच गेला आणि वांगी होऊन आला. काठाची जर किंचित काळवंडली, पण नणंदेच्या लग्नात तोच नेसले होते, आणि तो अल्बम मात्र दाखवते.